तीस सेकंदांचा श्वास

पोहायला शिकवणारे मास्तर तपासणीच्या पलंगावर आडवे झाले ते मनात एकच घोकत: कागदावर 'सगळं ठीक' आलं की सोमवारपासून पुन्हा तलावावर! महिन्याभरात दोनदा त्यांचा उजवा हात मिनिटभर लुळा पडला होता. एकदा घरी, कप फुटला म्हणून बायकोला कळलं. दुसऱ्यांदा पाण्यात, ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

तंत्रज्ञ बाईंनी दोन्ही कानशिलांना गार जेल लावून त्यावर यंत्राच्या चकत्या पट्ट्याने बसवल्या.

"सुई नाही, काही नाही, काका. मेंदूकडे रक्त किती वेगाने जातंय ते दिसतं. तीस सेकंद श्वास धरायचा. तेवढ्यात वेग वाढायला हवा."

"तीसच? मी अडीच मिनिटं धरतो!"

"झालं यांचं सुरू," पलंगाशेजारी बसलेली बायको म्हणाली.

मास्तरांनी छाती फुगवून भराभर चार श्वास घेतले नि दम धरला. पडद्यावरच्या दोन्ही रेघा ढिम्म. बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आधी जोरजोरात श्वास घेतलेत ना?"

"बुडी मारायच्या आधीची खोड ती," बायको म्हणाली. "अहो, इथे काय बक्षीस ठेवलंय?"

"तसं केलं की तपासणी फसते, काका. साधा श्वास घ्या नि थांबा."

या खेपेला उजव्या बाजूची रेघ झरझर वर चढली. डावीकडची होती तिथेच राहिली. उजवा हात मेंदूच्या डाव्या बाजूच्या ताब्यात असतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मास्तरांना पुढचं कुणी समजावायची गरज उरली नाही.

"खात्रीसाठी आणखी एकदा," बाई म्हणाल्या आणि पडद्याकडे वळल्या.

मास्तरांच्या मनात आलं, गुपचूप चार मोठे श्वास घेतले तर? तपासणी पुन्हा फसेल, निकाल लांबेल, सोमवार तरी पदरात पडेल. त्यांनी पहिला श्वास घेतलाही. आणि स्वतःचीच इतकी लाज वाटली, की ते उठूनच बसले.

"परवा तलावात हात गेला तेव्हा त्या हातावर सहा वर्षांची पोर होती," ते म्हणाले. "खाली गेली. डाव्या हाताने ओढून काढली."

बायको पांढरीफटक पडली. "आणि हे मला आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर तू मला पाण्यात उतरू दिलं नसतंस," मास्तर म्हणाले. "म्हणूनच नाही सांगितलं."