काचवाल्याच्या घरचा फोटो

भिंगरीच्या घरात एक नियम होता. कुठेही जा, पोचल्यावर फोटो पाठवायचा. नुसता डोंगराचा नाहीतर समुद्राचा चालायचा नाही, ज्यांच्याकडे उतरलात त्या माणसांचा हवा. "जागा काय बघायची, माणसं दाखव," असं आईचं म्हणणं. आणि फोटोखाली सगळा पत्ता, खाणाखुणांसकट. उद्या पोरगी हरवली तर शोधायची कुठे?

आता पाठीवर भलीमोठी सॅक टाकून परक्या मुलखात हिंडणाऱ्या मुलीला शोधायला घरून कोण येणार होतं? पण आईशी हुज्जत घालण्यापेक्षा फोटो पाठवणं सोपं. सोबत मावसभाऊ होता, म्हणून तर या प्रवासाला परवानगी मिळाली होती. तो जेमतेम तिशीतला, पण लहानपणापासून कानाला मफलर गुंडाळून म्हाताऱ्यासारखा उपदेश करायचा, म्हणून सगळे त्याला नाना म्हणत.

आईकडून ते फोटो काकांकडे जात. काका म्हणजे भिंगरीच्या वडिलांचे थोरले भाऊ, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी इंटरनेटवर 'आमची भिंगरी' नावाचं पान काढलं होतं. तिथे पुतणीचे फोटो टाकायचे, खाली गावाचं नि देशाचं नाव इंग्रजीत लिहायचं, म्हणजे त्या गावच्या लोकांनाही कौतुक दिसावं. कुणी काही विचारलं की उत्तर दिल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. जन्मभर लोकांच्या तक्रारी ऐकलेला माणूस, एकही प्रश्न अनुत्तरित ठेवायचा नाही हा त्यांचा बाणा. 'छान' एवढंच कुणी लिहिलं तरी काका विचारायचे, 'धन्यवाद. आपण कुठले?' भिंगरी आणि नाना त्यावरून पोट धरून हसत.

मग दोघं एका नव्या देशात शिरले आणि हसणं हळूहळू कमी झालं.

आधी कसला तरी संप होता, इतकंच कळलं होतं. दुसऱ्या गावात दुकानं बंद दिसली. तिसऱ्या गावात बसमधून उतरले तर स्टँडवर चिटपाखरू नाही. रस्त्यात एकेकट्या चपला पडल्या होत्या, बायकांच्या, पुरुषांच्या, एक तर पाळण्यातल्या पोराची असावी. चौकात सैनिकांची गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. बस या दोघांना उतरवून तशीच रिकामी परत फिरली. मोबाइलला नेटवर्क नव्हतं. लॉजवाल्याने दार किलकिलं करून नुसती मान हलवली आणि कडी लावून घेतली.

"मी म्हटलं नव्हतं?" नाना म्हणाला. नानाने जगातली प्रत्येक गोष्ट आधीच म्हटलेली असते.

"आता म्हणू नकोस. पाणी शोध," भिंगरी म्हणाली.

स्टँडमागच्या गल्लीत एकच निळं शटर अर्धं वर होतं. आत एक पन्नाशीचा माणूस टेबलावर वाकून काच कापत होता. टेबलावर जुनी घोंगडी, तिच्यावर काच. त्याने कटर ओढलं, काचेवर केसासारखी रेघ उमटली, मग दोन्ही हातांनी हलकेच दाबलं आणि काच रेघेवर सरळ तुटली. त्याने वर पाहिलं, दोघांच्या सॅका पाहिल्या, बाहेर जाऊन गल्लीची दोन्ही टोकं पाहिली आणि म्हणाला, "आत या. लवकर."

त्याला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, यांनाही तेवढंच. काम भागत होतं. त्याच्या बायकोने पाणी दिलं, मग जेवायला वाढलं, मग काही न विचारता दुकानातच गाद्या घातल्या. बाई बोलता बोलता सारखी झाडू मारत होती. काचेचा कण जमिनीवर राहता कामा नये, अशी त्या घराची शिस्त होती. काच पडली की आधी झाडू, मग बाकीचं जग.

"धंदा जोरात आहे," काचवाला एकदा म्हणाला. "गावात रोज काचा फुटतात. मला लाज वाटते."

दुसऱ्या दिवशी दुपारी आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं. काचवाला थबकला. बायकोकडे बघितलं, तिने मान हलवली, आणि मग त्याने दोघांना जवळ बसवलं. आत त्याचा जावई होता. छापखान्यात कामाला. संपवाल्यांची पत्रकं त्याने छापली होती. त्याच्या बरोबरीच्या दोघांना घरातून उचलून नेलं, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. लेक माहेरी नको म्हणून तिला लांबच्या नातेवाइकांकडे पाठवलं होतं. रस्ता मोकळा झाला की जावयालाही तिकडे पोचवायचा बेत होता.

"कुणी विचारलं तर या घरात आम्ही दोघंच राहतो," काचवाला म्हणाला. "तुम्ही माझी मुलं असता तरी हेच सांगितलं असतं."

"आम्ही काहीच पाहिलं नाही, काका," भिंगरी म्हणाली. कधी ती त्याला काका म्हणायला लागली, तिचं तिलाच कळलं नव्हतं. तिने शब्द दिला आणि तो अगदी मनापासून दिला.

संध्याकाळी जावई क्षणभर दारात आला. पोरसवदा, बोटांच्या पेरांत शाई मुरलेली, भुवईवर पट्टी. ओशाळून हसला आणि आत गेला. भिंगरीला वाटलं, आपल्या कॉलेजातला कुणीही असा दिसला असता.

त्या दिवशीच एक गिऱ्हाईक येऊन गेलं. खिडकीची छोटी काच हवी म्हणाला. माप विचारलं तर त्याला सांगता येईना. बोलता बोलता तो भिंती, दार, गाद्या असं सगळं बघत राहिला. तो गेल्यावर काचवाल्याने शटर खाली ओढलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नेटवर्क आलं. भिंगरीचा मोबाइल थरथरत सुटला. आईचे निरोप एकावर एक येऊन पडले. शेवटच्यात फक्त, 'भिंगरे, अगं बोल' इतकंच होतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. नेटवर्क कधी जाईल याचा भरवसा नव्हता. तिने काचवाल्याला विचारलं, "आईला एक फोटो पाठवू? तुमचा नि काकूंचा. तिच्या जिवात जीव येईल."

काचवाल्याने विचार केला. बायको म्हणाली, "आईला ना? पाठव."

नवराबायको टेबलामागे उभी राहिली. मागे भिंतीला टेकवलेला मोठा आरसा होता, कुणाच्या तरी लग्नासाठी केलेला आणि पडून राहिलेला. भिंगरीने नीट बघून घेतलं, आतलं दार फोटोत येत नव्हतं. तिने फोटो काढला आणि खाली गावाचं नाव टाकून भराभर लिहिलं: 'आम्ही सुखरूप. देवमाणसं भेटली. बसस्टँडच्या मागे, पाण्याच्या टाकीची गल्ली, निळं शटर, काचेचं दुकान. काळजी करू नकोस.' सवयीचा हात, थांबला नाही. फोटो गेला आणि नेटवर्कही गेलं.

तासाभरात बातमी आली की सीमेकडे एक बस सोडताहेत, फक्त परदेशी लोकांसाठी. दुकानातल्या फोनवरून देशाबाहेर फोन लागत नसे, पण बाहेरून आलेला घेता यायचा; त्याचा नंबर काचवालीने भिंगरीच्या तळहातावर लिहिला. "पोचल्यावर कळव," ती म्हणाली. अगदी आईसारखी. भिंगरी तिच्या गळ्यात पडली. जावयाने आतूनच हात हलवला.

बस रडतखडत निघाली. दर चौकात तपासणी. एका ठिकाणी खाली उतरवून सॅका उपसल्या. समोरून नंबरप्लेट नसलेल्या दोन गाड्या गावाच्या दिशेने गेल्या, बिलकुल घाई नसल्यासारख्या. नाना एकदाही 'मी म्हटलं नव्हतं' म्हणाला नाही, त्याचीच भिंगरीला जास्त भीती वाटली.

सीमेवरच्या शेडमध्ये नेटवर्क होतं. घरी कळवावं म्हणून तिने मोबाइल उघडला, तर काकांच्या पानावर तोच फोटो सगळ्यात वर होता. खाली गावाचं नाव, देशाचं नाव. 'संकटात आमच्या लेकरांना आसरा देणारे दांपत्य. माणुसकी जिवंत आहे!'

कौतुकाच्या ओळींच्या मधेच कुणा अनोळख्याने इंग्रजीत विचारलं होतं, 'आरशात दिसणारे तिसरे गृहस्थ कोण?'

भिंगरीने फोटो मोठा केला. आरशात आतलं दार अर्धवट उघडं होतं. दारात तो उभा होता. पट्टी स्पष्ट दिसत होती.

काकांनी उत्तर दिलं होतं, 'घरातलेच कुणी असतील. सगळेच फार प्रेमळ आहेत.'

'दुकान कुठे आहे? मलाही आरसा करून घ्यायचा आहे.'

'अवश्य! बसस्टँडच्या मागे, पाण्याच्या टाकीची गल्ली, निळं शटर.'

नानाने ते वाचलं. लगेच त्याने तिचा तळहात ओढला आणि आपल्या मोबाइलवरून दुकानाचा नंबर लावला. भिंगरीने काकांना फोन लावला. दोनदा चुकीच्या नावावर बोट पडलं.

"भिंगरे! पोचलीस? अगं, तुझी आई इथेच—"

"काका, तो फोटो काढून टाका. आत्ताच्या आत्ता."

"काचवाल्यांचा? अगं, लोकांना सगळ्यात जास्त तोच आवडलाय!"

"काका, तो ज्याने पत्ता विचारला..."

"हो, फार सभ्य माणूस. त्यांना सापडलं बरं का दुकान. मघाशीच लिहिलंय, समोर उभे आहोत, धन्यवाद. मी म्हटलं, आमच्या भिंगरीची ओळख सांगा, परक्यासारखं वागवणार नाहीत."

शेजारी नानाने स्पीकर लावला होता. घंटी वाजत होती, वाजत होती. मग कुणीतरी फोन उचलला.

"काकू?" नाना म्हणाला. "काकू, मी बोलतोय."

पलीकडून कुणी बोललं नाही. फक्त काचांवरून चालणाऱ्या जड बुटांचा आवाज आला, करकर करकर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या घरात काच इतका वेळ जमिनीवर कधीच पडून राहिली नसती. मग फोन ठेवला गेला.

"भिंगरे, आहेस ना?" काकांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "काही चुकलं का गं माझं?"

तिने तळहात बघितला. शाई घामाने पसरली होती, पण नंबर अजून वाचता येत होता. काका तिकडे उत्तराची वाट बघत राहिले.