घोषणाबाईंचा आवाज आणि चार गोळ्या

आवाज हा माणसाच्या आत्म्याचा आरसा असतो. घोषणाबाईंच्या बाबतीत हा आरसा गेलं वर्षभर धुरकटला होता, आणि डॉक्टरांचं म्हणणं पडलं की आत्म्याचा इथे काही संबंध नाही, गळ्यातली थायरॉइड नावाची ग्रंथी कामचुकारपणा करते आहे. ती फुलपाखराच्या आकाराची असते, असंही त्यांनी सांगितलं. बाईंना ते ऐकून क्षणभर बरं वाटलं. त्यांच्या संदर्भात फुलपाखराचा उल्लेख आजवर कोणी केला नव्हता.

बसस्थानकाच्या फलाटांच्या वरच्या अंगाला एक काचेची केबिन होती. तिच्यात बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते आहे, कुठली उशिरा येते आहे आणि कुठली येणारच नाही, हे प्रवाशांना सांगणं हे बाईंचं काम. समोर कागद यायचा, बाई बटण दाबायच्या आणि कागद तोंडातून बाहेर पडायचा. शब्द डोळ्यांतून निघून थेट ओठांवर पोचत. वाटेत डोकं हा एक थांबा होता, पण तिथे गाडी थांबत नसे. लग्नाच्या आधीपासून हे काम करत असल्यामुळे सवय हाडांत मुरली होती. घरीसुद्धा काही छापील दिसलं की बाई ते मोठ्याने वाचत. साबणाचं वेष्टन, विजेचं बिल, कोणाच्या तरी वाढदिवसाची पत्रिका, सगळं एकाच सुरात. त्यांचे पती आणि सासूबाई या सुरावर कान मिटून घ्यायला कधीच शिकले होते. नाहीतर त्या घरात जगणं अवघड होतं.

आजार आला तो असा गुपचूप आला की बाईंना वाटलं आपण म्हाताऱ्या होतो आहोत. जिना चढताना मधल्या पायरीवर उभं राहावंसं वाटे. केस उशीवर राहत आणि बाई उठत. सगळ्यांना उकडत असताना त्या शाल पांघरून बसत. मग आवाज गेला. म्हणजे पूर्ण गेला असता तर रजा तरी मिळाली असती. तो जाडा, घोगरा आणि ओढत चालणारा झाला. एकदा त्यांनी एक गाडी रद्द झाल्याचं सांगितलं, तेव्हा फलाटावरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "कोण गेलं गं?"

रक्त तपासलं. डॉक्टरांनी अहवाल उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला काही असेल.

"बाई, थायरॉइड तर मंद आहेच. पण लोह नाही, बी ट्वेल्व्ह नाही, डी तर औषधालाही नाही. तुमच्या रक्तात काहीच नाहीये हो."

"मग वाहतंय काय?"

"वाहतंय आपलं नावापुरतं."

त्यांनी चार गोळ्या लिहून दिल्या. थायरॉइडची, लोहाची, कॅल्शियमची आणि जीवनसत्त्वांची. तोंडाने काही सूचनाही दिल्या, पण छपाईयंत्र खरखरत होतं आणि बाहेरच्या बाकावर पुढचा पेशंट खोकत होता.

घरी आल्यावर बाईंनी थायरॉइडच्या गोळ्यांच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी उलगडली आणि जेवणाच्या टेबलावर बसून वाचली. मोठ्याने, अर्थातच. आवाज घोगरा असला तरी सूर तोच होता.

"ही गोळी सकाळी उपाशीपोटी केवळ पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर किमान अर्धा तास चहा, कॉफी अथवा अन्न घेऊ नये. लोह अथवा कॅल्शियमच्या गोळ्या आणि ही गोळी यांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे."

"भाजीत मीठ कमी आहे का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"मला तर बरोबर वाटतंय," पती म्हणाले.

बाईंनी चिठ्ठीची पुन्हा घडी घातली. गाडी सुटली होती. थांब्यावर कोणी उतरलं नव्हतं.

सासूबाई निवृत्त भांडारपाल. एका मोठ्या गोदामात त्यांची उभी हयात गेली होती आणि तिथला त्यांचा एकच नियम होता, की माल एका खेपेत उतरवायचा. हमालाला दोनदा हाक मारायची नाही. सुनेच्या गोळ्यांचा कारभार त्यांनी आपणहून हातात घेतला. वारांची नावं असलेला, कप्प्याकप्प्यांचा एक डबा आणला आणि प्रत्येक कप्प्यात चारही गोळ्या भरून टाकल्या.

"सकाळी उठलीस की एक घोट, चारही पोटात. दिवसभर कटकट नाही."

"आई, एकदम चार?"

"पोट एकच आहे ना? की वेगवेगळी दारं आहेत त्याला?"

बाई उठत, चहा टाकत आणि दुधाच्या चहाच्या पहिल्या घोटाबरोबर चारही गोळ्या गिळत. चहा प्यायल्याशिवाय आपण उठलो असं त्या धरतच नसत, म्हणून सासूबाईंच्या 'उठलीस की' या शब्दांना त्यांच्या बाजूने धक्का लागत नव्हता. इकडे पोटात लोह थायरॉइडच्या गोळीला मिठी मारे, कॅल्शियम दोघांना मिठी मारे, चहा सगळ्यांना मिठी मारे, आणि ही सगळी मंडळी एकमेकांच्या गळ्यात गळे घालून रक्ताकडे ढुंकूनही न बघता बाहेर पडत.

वर्ष गेलं. दर तपासणीला डॉक्टर कपाळावर आठी घालत आणि गोळीची ताकद वाढवत. नातेवाइकांनी बीट सुचवलं, खजूर सुचवला, लोखंडी कढई सुचवली. पतींनी मनोबल सुचवलं.

"तू मनावर घेतेस फार. मनावर नको घेऊस."

"मनावर घ्यायला अंगात ताकद लागते. ती आहे कुठे माझ्यात?"

आणि अशातच आगारप्रमुखांनी त्यांना केबिनमधून खाली बोलावलं. ते खुर्चीत बसल्या बसल्या पेन उघडबंद करत होते. वाईट बातमी असली की ते असं करत.

"बाई, घोषणांचं यंत्र येतंय. गाडी आली की आपोआप बोलणार."

"आणि मी?"

"तेच सांगतोय ना. त्यात आवाज भरायचाय. तुम्ही आहात, दुसऱ्या पाळीची ती मुलगी आहे. परीक्षा घ्यायची आहे. जिचा आवाज लागेल ती केबिनमध्ये राहणार, नवीन गाडी सुरू झाली की तेवढं बोलून भरायचं. दुसरीची सोय बघू."

"सोय म्हणजे?"

"विसरलेल्या सामानाच्या खोलीत जागा आहे."

ती खोली तळघरात होती. प्रवाशांनी गाडीत विसरलेल्या छत्र्या, डबे, एकेकटे बूट तिथे येऊन पडत, एकदा तर नकली दातांची कवळीही आली होती. ते मागायला सहसा कोणी येत नसे. तिथे दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही, अशी त्या जागेची स्तुती सांगितली जाई. दुसऱ्या पाळीची मुलगी वयाने लहान होती आणि गाल असे लाल, की तिच्या रक्तात सगळं काही असणार हे अहवालाशिवाय कळत होतं.

त्या संध्याकाळी बाई डॉक्टरांकडे गेल्या आणि दवाखान्यात आयुष्यात पहिल्यांदा रडल्या. आवाज घोगरा असल्यामुळे ते रडणं लांबून तक्रारीसारखं ऐकू आलं.

"गोळी वाढवून काही होत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही घेता तरी कशी?"

"रोज घेते हो. एक दिवस चुकवली नाही. चारही, चहाबरोबर."

डॉक्टरांचं पेन हवेत राहिलं. "चारही? एकदम? चहाबरोबर?"

"आमच्या सासूबाई डबा भरून ठेवतात."

"अहो बाई, खोक्यात चिठ्ठी असते! ती वाचली नाहीत?"

"वाचली की," बाई दुखावून म्हणाल्या. "सगळ्या घरासमोर मोठ्याने वाचली."

डॉक्टरांनी पेन कागदावर टेकवलं. मग त्यांनी गोळी पुन्हा मूळ ताकदीची केली, छपाईयंत्र बंद केलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. थायरॉइडची गोळी पहाटे, नुसत्या पाण्याबरोबर, मग चहाची वाट बघायची. लोहाची दुपारी, लिंबूपाण्याबरोबर, आगेमागे चहा नाही. कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं रात्री जेवताना. शिवाय रोज ऊन, कारण गोळीतलं डी एकटं पुरत नाही.

"ऊन मी दिवसभर घेते. केबिन काचेची आहे."

"काचेतून चालत नाही. उघड्यावर बसायचं."

"म्हणजे इतकी वर्षं मी नुसतीच तापले?"

"हो."

"आणि आवाज? परीक्षा पुढच्या महिन्यात आहे."

"पुढच्या महिन्यात नाही यायचा. थायरॉइडला दोनेक महिने तरी लागतात, लोहाला त्याहून जास्त. आवाजाचं मी काही लिहून देत नाही."

बाईंनी घरी येऊन सासूबाईंचा डबा रिकामा केला. सासूबाई बघत राहिल्या.

"तीन खेपा?" त्या म्हणाल्या. गोदामात इतका ढिसाळपणा त्यांनी कोणाला करू दिला नसता.

"तीन खेपा, आई."

"म्हणजे वर्षभर मी तुला..."

"तुम्ही काय, मी काय. वाचलं मीच होतं."

सासूबाई उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या सुनेच्या आधी उठल्या, पाण्याचा पेला आणि एकच गोळी घेऊन उभ्या राहिल्या आणि चहाचं भांडं कपाटात कुलूपबंद केलं. किल्ली कमरेला. वेळ झाल्याशिवाय त्या घरात कोणालाच चहा मिळेना. पतींना हे पटलं नाही, कारण त्यांचं थायरॉइड उत्तम होतं.

सरकारी कामाची एक गोष्ट चांगली असते की ते वेळेवर होत नाही. यंत्राची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. बाई फलाटावरच्या बाकावर उन्हात बसत, दुपारी लिंबूपाणी पीत आणि चहाकडे परस्त्रीकडे बघावं तसं चोरून बघत. पहिली तपासणी आली, आकडे हलले होते. दुसरी आली, आणखी हलले. केस उशीऐवजी डोक्यावर राहू लागले. आणि एका सकाळी घोषणा करताना बाई स्वतःच दचकल्या. आवाज वर गेला होता, स्वच्छ, अगदी जुना. त्या बटण सोडायला विसरल्या आणि सगळ्या फलाटांना "अगंबाई" ऐकू आलं.

परीक्षेच्या दिवशी आगारप्रमुख आणि बाहेरून आलेले दोन साहेब बाकावर बसले. दुसऱ्या पाळीच्या मुलीने वाचलं, चांगलं वाचलं. मग बाईंनी वाचलं. कागदावर नेहमीचंच होतं, उशिरा येणाऱ्या गाडीबद्दल दिलगिरी. पण या वेळी बाईंनी आधी वाचून घेतलं, समजून घेतलं आणि मगच तोंड उघडलं. त्यांची दिलगिरी इतकी खरी वाटली की एका साहेबांनी नकळत मान डोलावून माफ केलं. मुलगी जवळ येऊन म्हणाली, "काकू, तुमचंच लागणार. माझं काही खरं नाही." निकाल तिथल्या तिथे कळला. बाईंचाच आवाज लागला. त्या रात्री सासूबाईंनी कॅल्शियमची गोळी बशीत ठेवून दिली, एखाद्या पेढ्यासारखी.

यंत्र आलं. ते बसवायला आलेल्या माणसाने वायर जोडली, कळ दाबली, आणि फलाटांवर कुठल्याशा अनोळखी बाईचा गोड, थंड आवाज घुमला. बाई केबिनमधून खाली आल्या.

"हा कोणाचा आवाज?"

आगारप्रमुखांनी पेन उघडबंद केलं. "बाई, तुमचा आवाज एक नंबर, त्यात वादच नाही. पण याच्यात कारखान्यातूनच भरून आलाय. बदलता येत नाही म्हणे."

"मग परीक्षा कशाला घेतली?"

"मंजुरीच्या कागदात लिहिलं होतं, परीक्षा घ्यावी. घेतली."

"आणि आवाज बदलत नाही हे नव्हतं लिहिलं?"

"माहितीपुस्तकात होतं. पहिल्याच पानावर." त्यांनी पेन खिशाला लावलं. "आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या त्याच्यावर."

दुसऱ्या पाळीच्या मुलीला तिकीटखिडकी मिळाली, कारण तिथे चेहरा लागतो. बाईंना तळघर मिळालं. आता त्या स्वच्छ आवाजात छत्र्यांची नोंद करतात. मोठ्याने वाचायची सवय तशीच राहिली, पण तिथे ऐकून न ऐकल्यासारखं करायलाही कोणी नाही. वरून यंत्राचा आवाज छतातून झिरपतो. तो कधी घोगरा होत नाही.

सहा महिन्यांनी त्यांनी रक्त पुन्हा तपासून घेतलं. थायरॉइड जागेवर, लोह जागेवर, बी ट्वेल्व्ह जागेवर. डॉक्टर खूश झाले, आणि मग त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"डी पुन्हा तळाला कसं गेलं? ऊन घेत नाही का?"

"घरून निघते तेव्हा उजाडलेलं नसतं, सुटते तेव्हा मावळलेलं असतं. खाली दुसरी पाळीच नाही, खोली सोडता येत नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, मग दुपारी खिडकी उघडून उन्हात बसायचं जरा."

विसरलेल्या सामानाच्या खोलीला खिडकी नाही.