पहिल्या नंबरचा मासा

१९६२ साल. फिलाडेल्फियात तेव्हा ज्याला त्याला गायक व्हायचं होतं, आणि वर्लीन टिब्ज त्यातलीच एक. तिच्या आईने, ओडेसाबाईंनी, मुदत घातली होती: ईस्टरपर्यंत रेडिओवर लागलीस तर गा, नाहीतर लाँड्रीत माझ्या शेजारी इस्त्रीला उभी राहा.

मॉर्टी केसलर नावाच्या निर्मात्याने तिच्याकडून एक रडकं गाणं गाऊन घेतलं. वर्लीनने त्यात जीव ओतला, गाता गाता स्वतःच रडली. राहिली तबकडीची मागची बाजू. तिथे टाकाऊ काहीतरी भरायचं, ही धंद्याची रीतच. मागचं गाणं चांगलं निघालं, तर रेडिओवाले पुढचं सोडून तेच लावत बसतील, ही धास्ती.

"काहीही गा," मॉर्टी म्हणाला, "फक्त ऐकवलं जाऊ नये."

वर्लीन हात धुऊन आली, तर तिच्या तळलेल्या माशाच्या सँडविचचा नुसता कागद उरलेला.

"रुफस! माझा मासा कुठंय?"

"मला वाटलं, गायिका तळलेलं खात नाहीत," ढोलवाला रुफस तोंड पुसत म्हणाला.

"मेल्या, पोट आहे की पोतं? आईने उपाशी वाढवलं का रे तुला?"

भांडण बुडवायला रुफस ढोल बडवू लागला. वर्लीन त्याच ठेक्यावर आणखी ओरडू लागली. मॉर्टीने गुपचूप ध्वनिमुद्रण सुरू केलं.

"झालं! याहून वाईट कुणाला जमायचं नाही."

गीतकार म्हणून त्याने सासूचं, बेलाबाईंचं, नाव लावलं. मागच्या बाजूला घरातलंच कुणीतरी घालायचं, म्हणजे गीतकाराचे पैसे घरातच राहतात, हीही रीतच.

ईस्टरच्या आदल्या दिवशी रेडिओवर गाणी लावणाऱ्या स्लिम गॅफनीच्या हातून तबकडीच्या पुढच्या बाजूवर जॅमचा डोनट पालथा पडला. त्याने बाहीने जॅम पुसला, तर तो आणखीच पसरला. मग त्याने तबकडी उलटली.

इकडे ओडेसाबाई ईस्टरची अंडी रंगवत होत्या. वर्लीन रेडिओला कान लावून बसलेली. "आता वर्लीन टिब्ज!" स्लिम म्हणाला, आणि ढोल सुरू झाला. "माझा मासा कुठंय? मेल्या..."

वर्लीन बंद करायला झेपावली.

"आई, हे नव्हे गं ते! चुकून..."

"गप्प. ऐकू दे."

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. हातातलं अंडं हातातच.

"असं बोलायला कुणी शिकवलं तुला?"

"तूच."

"मग ते 'मेल्या' लांबव जरा. मी लांबवते की नाही? त्याशिवाय समोरच्याला झोंबत नाही." आणि बाईंना हसू आवरेना. "आमच्या चर्चमधल्या सगळ्याजणी नवऱ्यावर अश्शाच ओरडतात बघ!"

त्या सगळ्याजणींनी स्टेशनला फोन करकरून ते पुन्हा पुन्हा लावायला लावलं. उन्हाळ्यात गाणं देशात पहिलं आलं.

मॉर्टीने पुढे मुद्दाम भांडणं लावून कितीतरी तबकड्या काढल्या, एकही खपली नाही. बेलाबाईंना पत्रकार माशाचा गूढार्थ विचारत. "ताजा असावा," त्या सांगत. लोक रंगमंचावर मासे फेकू लागले, तसं रुफसने ढोल विकून रंगाचं दुकान टाकलं. स्लिमला कुणीच विचारलं नाही, तो डोनट खात राहिला. वर्लीन म्हातारपणापर्यंत गायली. आणि ओडेसाबाई लाँड्री सोडून तिच्याबरोबर गावोगाव हिंडल्या, पडद्याआडून हात उंचावून "अजून लांबव!" म्हणत.