दर्यानं परत धाडलेला मिशीवाला

दर्याची शपथ, हे सगळं खरं आहे. म्हणजे, मधला थोडा वेळ मी उलटा तरंगत होतो, तेवढं अंदाजे धरा.

मी नारळ बोलतोय. धर्मराजनं मला पनवेलच्या बाजारातून उरणजवळच्या आमच्या कोळीवाड्यात आणलं. त्याच्या बायकोनं, मालूनं, मार्करनं माझ्यावर मिशी काढली. "तुमच्यावानीच दिसतंय," म्हणाली. वर सोनेरी कागद गुंडाळला. झालो मी सोन्याचा.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा, मगच होडी सोडायची. गावचा व्हिडिओ निघत होता आणि धर्मराजला त्यात पहिला नारळ आपलाच हवा होता. भरती चालू असतानाच त्यानं मला फेकलं. मी परत. थेट शेजारी लागलेल्या गंगाबाईच्या होडीच्या दोरात अडकलो. गंगाबाई मात्र थांबली. ओहोटी लागल्यावर तिनं आपला नारळ सोडला. तो गेला.

नवरा वारल्यावर गंगाबाई यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर होडी सोडणार होती. तेवढ्यात मी धर्मराजला दिसलो. सोनेरी कागदात आम्ही सगळे सारखेच.

"गंगे, दर्यानं तुजा नारळ नाय घेतला! यंदा होडी बांदूनच ठेव."

तिचे खलाशी गुपचूप खाली उतरले.

गंगाबाईनं मला उचललं. "चल, नारळफोडी खेलू. माजा फुटला तर होडी बांदते. तुजा फुटला तर तोंड बंद."

आमच्याकडे त्या दिवशी नारळावर नारळ आपटतात. फुटला तो हरला. धर्मराज गावचा चॅम्पियन. त्यानं खेळायचा आपला दुसरा नारळ काढला.

मी काय केलं? काहीच नाही. नारळ आहे मी.

खाडकन आवाज झाला. त्याच्या नारळाची दोन शकलं. माझा फक्त कागद फाटला. आतून मिशी बाहेर.

मालू किंचाळली, "अवो, ह्यो तर आपला हाय! मिशी मीच काढलीय!"

सगळं बंदर एकदा माझ्याकडे बघे, एकदा धर्मराजकडे. त्यानं हातानं मिशी झाकली. स्वतःची.

"आता माजी होडी?" तो पुटपुटला.

"सोड की," गंगाबाई म्हणाली. "भरतीला टाकलास, परत येनारच. दर्याला कशाला मदी घेतो?"

खलाशी धावत होडीत चढले. पहिली होडी तिचीच सुटली. पुढच्या टोकाला मी, मिशीसकट. अजून तिथेच असतो. धर्मराज रोज दुसरीकडे बघत जातो.

चला, आता काढा. गोष्ट फुकट नव्हती. मला पैसे नकोत, खिसा नाही. गंगाबाईच्या टोपलीतले बांगडे घ्या, आणि भाव करू नका. मी बघतोय. मला तीन डोळे आहेत.