वावडीच्या पेटीतली बाग

हरेश्वरमामाच्या बागेत उद्या सकाळी कुदळी चालणार होत्या, म्हणून आज दुपारी आम्ही तिचा आकाशातून फोटो काढणार होतो. आकाशातून! शाळेत मी हे सांगितलं तेव्हा मुली इतक्या हसल्या की मालन बाकावरून खाली पडली. हसू देत. मी गुणवंती, वय वर्षं चौदा, भूगोलात पहिली, आणि ही कल्पना माझी होती.

मामाची बाग लालबागच्या पुढं. रविवारी घोड्यांच्या ट्राममधून अर्धं गिरगाव तिथं उतरायचं. मधोमध राहाटपाळणा, त्याच्याभोवती फिरणारे लाकडी घोडे, झोपाळे, कारंजं आणि जिकडेतिकडे मेंदीची कुंपणं. आता जमीनमालकानं ती जागा नव्या गिरणीला दिली होती. घोडे काढून गवतावर आडवे निजवलेसुद्धा होते.

मामाला एकच गोष्ट लागून राहिली होती. तो पहिल्यापासून सांगायचा, "मी दोरी नि चुना घेऊन ही बाग कमळासारखी आखलीय. वरून बघाल तर पाकळ्या दिसतील." पण वरून बघणार कोण? पाळण्याच्या टोकावरून नुसती कुंपणं नि लोकांच्या पगड्या दिसत. माझ्या अप्पांचा गिरगावात फोटोचा स्टुडिओ आहे. ते दर सणाला मामाला छेडायचे, "हरेश्वरराव, कमळ तुमच्या डोक्यात उगवलं. जमिनीवर भोपळा आलाय, भोपळा!"

मामा हसून सोडून द्यायचा. पण मागच्या आठवड्यात घरी आला तेव्हा हसला नाही. "असेलही भोपळा," म्हणाला. "आता कुणाला कळणार?"

ते मला सहनच होईना. आमच्या बाई सांगतात की नकाशा म्हणजे पक्ष्याच्या जागी बसून काढलेलं चित्र. मी म्हटलं, "मामा, पक्षी नसेना! तुझी वावडी आहे की!"

मामाची वावडी, म्हणजे पुरुषभर उंचीचा तो थोरला पतंग, परळपासून भायखळ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. मामानं माझ्याकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं, आणि अप्पा चहा तसाच टाकून उठले. थट्टा करणारे तेच, आणि कामाला लागणारेही तेच! चिरुटांच्या हलक्या डब्यातून त्यांनी कॅमेरा बनवला. आत फोटोची एकच काच. तोंडावरची झडप रबरानं ताणून दोऱ्यानं बांधली, आणि दोऱ्याला टेकवून एक उदबत्ती. उदबत्ती जळत दोऱ्यापर्यंत आली की दोरा तुटणार, झडप सटकन उघडून मिटणार, फोटो तयार.

"पण तो निघाला हे खाली कळायचं कसं?" अप्पा म्हणाले.

"गुलालाची पुडी बांधा," मी म्हटलं. "झडपेबरोबर फुटेल अशी."

अप्पांनी माझ्या पाठीत जो धपाटा घातला, तो शाबासकीचा होता.

आत्या मात्र निघताना दारात उभी. "आज किंक्रांत. आज कुणी नवं काम काढतं का? आणि ही लग्नाची घोडी पतंगामागं!"

"आत्या, घोडे आधीच गवतावर निजलेत," मी म्हटलं आणि जिना उतरले.

वावडी वाऱ्याबरोबर पुढं जाते, म्हणून बागेत उभं राहून उपयोग नव्हता. बागेच्या पश्चिमेला अप्पांच्या ओळखीच्या एका शेटजींचा बंगला आहे, त्याच्या गच्चीवर आम्ही चढलो. समुद्राकडून वारा सुटला होता. अप्पांनी उदबत्ती पेटवली, मी वावडी उचलून धरली, आणि अप्पांचं लक्ष मामाच्या हातातल्या फिरकीकडं गेलं.

"हे काय? मी आणलेली सुतळी कुठंय?"

"सुतळी गुरांना बांधतात, भाऊजी. माझ्या वावडीला मांजाच."

"अहो, वावडीशी कुणी पेच घेत नाही! काच लावलेला दोरा हवाय कशाला?"

"हाताला सवय आहे," मामा म्हणाला आणि मला खूण केली. "सोड!"

आणि गेली! अशी चढली, अशी चढली, की माझी मान दुखायला लागली. पेटी तिच्या पोटाखाली डुलत होती. गुलाबी मांजा उन्हात लखलखत होता. मी तर गच्चीवर नाचायचीच बाकी होते. "अजून ढील दे! अजून!"

एवढ्यात फिरकी खडखडली. रिकामी!

आम्ही तिघांनी वर बघितलं. वावडी बागेवर पोहोचलीच नव्हती. अलीकडे, नारळाच्या वाडीवर उभी होती.

"सुतळी लांब होती," अप्पा हळूच म्हणाले.

मामाचा चेहरा उतरला. खाली ओढेपर्यंत झडप उघडून जाणार होती, पुन्हा सोडायला फोटोची दुसरी काच नव्हती, आणि वर उदबत्ती जळत होती, ती काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. बागेचा एकुलता एक फोटो म्हणून नारळाच्या झावळ्या निघणार होत्या!

आणि तेवढ्यात पलीकडच्या चाळीच्या कौलांवरून एक काळा पतंग उठला. सरळ आमच्या मांज्यावर चालून आला.

"मामा, नको हं! वर पेटी आहे!"

"मी कुठं जातोय? तोच येतोय!" पण मामाचे हात केव्हाच हलायला लागले होते. दोन दोरे एकमेकांत घासले आणि मामा जग विसरला. खरं सांगू? आम्हीही विसरलो. "खेचा, हरेश्वरराव, खेचा!" अप्पा ओरडत होते. ते अप्पा, जे स्टुडिओत गिऱ्हाईक शिंकलं तरी चिडतात! मी तर शेटजींच्या तुळशीच्या कट्ट्यावरच चढले होते.

मामाच्या हातातला दोरा एकदम सैल पडला.

"गेऽली रे गेऽली!" चाळीतून आरोळी उठली.

मामा मटकन खाली बसला. मला रडूच येणार होतं, पण मी वर बघत होते म्हणून वाचले. कारण तुटलेली वावडी कोलमडली नाही! खाली पेटीचं वजन होतं, त्यामुळं ती पालखीसारखी डुलत, सावकाश, नारळाची वाडी ओलांडून पुढं निघाली. थेट बागेकडं. मी मामाचा दंड धरून त्याला उभा केला. वावडी कुंपणावर आली, झोपाळ्यांवर आली, राहाटपाळण्याच्या ऐन डोक्यावर आली, आणि फुस्स! आकाशात गुलाल!

"निघाला!" मी किंचाळले. "मामा, निघाला!"

मग मी परकर खोचला आणि धावले. मागून अप्पा, त्यांच्या मागून मामा. वावडी शिवडीच्या अंगाला उतरत होती. लोक "आली, आली" करत वाट दाखवत होते. धापा टाकत मी कोळ्यांच्या वाळवणापाशी पोहोचले तर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, वावडी त्यांच्यावरच अलगद पसरलेली, आणि एक कोळीण पेटी मांडीवर घेऊन कोयत्याचं टोक झाकणात घालत होती.

"उघडू नका!" मी लांबूनच ओरडले. "मावशी, उघडू नका!"

"का गो? आत काय हाय?"

"बाग आहे!"

"काय हाय?"

"माझ्या मामाची आख्खी बाग आहे. आत उजेड गेला तर जळून जाईल!"

तिनं पेटी कानाशी नेऊन हलवली. कोयता मात्र खाली ठेवला. तेवढ्यात काळा पतंग पाठीला बांधलेला एक गडी धावत आला. हाच तो कौलांवरचा. गणपत त्याचं नाव, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा.

"वावडी माझी," तो म्हणाला. "कापली मी."

"वावडी घे," मी म्हटलं. "पेटी आमची."

"शेपटी काय पतंगाशिवाय ऱ्हवता? शेपटीसकट लुटूची, हो कायदो!"

"शेपटीला कधी झाकण असतं का रे? आणि वावडीशी पेच घेतात, हा कुठला कायदा?"

तो डोकं खाजवायला लागला. "वावडी बघून मी हात आवरलेलो गो बाय. पण तिका मांजो? मांजो दिसलो म्हणजे ता बोलावणाच!"

मागून मामा पोहोचला होता. तो म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. चूक माझी." आणि मग, श्वास लागलेला असतानाही, "काय घासलंस रे! मांजा कुठला?"

झालं! दोघं मांज्याच्या खळीसाठी शिजवायच्या भातावर बोलायला लागले. मी मध्येच म्हटलं, "गणपतदादा, पेटी सोड, फोटोची एक प्रत तुझी." त्यानं मान डोलावली तशी कोळणीनं पेटी माझ्या हातात दिली. "आनि माजे मोडले बोंबील?" अप्पांनी मोडलेले सगळे विकत घेतले.

संध्याकाळी स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत, लाल कंदिलाच्या उजेडात, अप्पांनी काच औषधात बुडवली. सगळ्या खोलीत बोंबलांचा वास. मामा भिंतीकडं तोंड करून उभा. "भोपळा असेल तर सांगू नकोस," म्हणाला.

काचेवर आधी काहीच नव्हतं. मग एक डाग. मग रेघ. काचेवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं, पण मला ते वाचायची सवय आहे. एक पाकळी. दुसरी. मधोमध पाळण्याचं वर्तुळ आणि भोवताली सगळीकडून फुललेल्या...

"मामा, इकडं बघ!"

मामा वळला. अप्पांनी काच कंदिलासमोर धरली. मामानं नाक काचेला टेकेल इतकं जवळ नेलं. मग त्यानं एका वाकड्या पाकळीकडं बोट दाखवलं. "इथं आंबा होता. तोडवला नाही मला. म्हणून ती वाकली."

"कमळ आहे, हरेश्वरराव," अप्पा म्हणाले. एवढंच. अप्पांना ते म्हणायला किती जड गेलं असेल!

दुसऱ्या दिवशी कुदळी चालल्या. मामा फोटो खिशात घालून तिथंच उभा होता आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवत होता. कुदळवाल्यांनाही! एकानं फोटो बघितला, खाली बघितलं, आणि विचारलं, "मग आता आम्ही कुठल्या पाकळीत उभे आहोत?" मामानं त्याला ती दाखवली.

गणपत आपली प्रत घ्यायला आला तेव्हा त्यानं कमळ बघितलं, आपल्या गिरणीची चिमणी ओळखली, आणि मग त्याचं बोट एका कोपऱ्यात थांबलं. चाळीची कौलं, आणि त्यांच्यावर एक इवलासा ठिपका, हात वर केलेला.

"ह्यो मी?"

"तूच! दुसरा कोण चढतो कौलांवर?"

त्यानं फोटो झटकन छातीशी धरला. "घरमालकाक दाखवशीत नको गो बाय! सगळी फुटकी कौलां माझ्या नावार येतली!"

मामा इतका हसला की त्याची पगडी पडली. मग ती उचलून डोक्यावर ठेवत म्हणाला, "गुणे, राणीच्या बागेचा आकार कसा असेल गं वरून?"

मी सुतळी शोधायला केव्हाच उठले होते.