डोळ्यात उतरणारा आवाज

"बरं हाय न्हवं, बाई?" नागोजींनी विचारलं आणि सुलाबाईचा डावा डोळा मिचकला. चांगला ठसठशीत मिचकला. गुंजीहून मुलगी बघायला आलेला, उद्याचा व्याही होऊ घातलेला माणूस, आणि मुलीची आईच त्याला डोळा मारते. नागोजींनी चमकून आपल्या बायकोकडे पाहिलं.

घोळ सगळा सुलाबाईच्या नवऱ्याचा, भरमाचा. पाहुणे खासबागेतल्या घरात शिरताच तो म्हणाला होता, "हिला जरा कमी ऐकू येतंय, मोठ्यानं बोला." खरं ते त्याने लपवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी मेंदूज्वरात सुलाबाई ठार बहिरी झाली होती आणि गेल्या वर्षी, सत्त्याऐंशी साली, मद्रासच्या डॉक्टरांनी पुन्हा ऐकू यावं म्हणून तिच्या डाव्या कानात तार बसवली होती. एवढं कळलं तर पोरीचं लग्न मोडेल, असं भरमाचं म्हणणं. म्हणून तारेला आवाज पोचवणारी कानामागची चकती पदराखाली आणि कमरेची पेटी निऱ्यांत.

कानाच्या आतल्या शंखात पाणी असतं. तारेतला करंट ऐकण्याच्या शिरेपाशी थांबत नाही, त्या पाण्यातून पसरतो. आवाज मोठा असला की करंटही वाढतो आणि शेजारच्या, चेहऱ्याच्या शिरेला जाऊन लागतो. मग डोळा मिटतो. आणि नागोजी तर बिचारे भरमाच्या शब्दाखातर ओरडत होते.

"पोरीला सैपाक येतोय न्हवं?"

डोळा मिचकला.

"शेतकामाची सवय हाय का?"

पुन्हा मिचकला. नवरामुलगा खाली मान घालून हसू लागला. त्याची आई मात्र हसली नाही. भरमाने बायकोला खूण केली, पेटी बंद कर.

सुलाबाईने निऱ्यांत हात घालून बटण फिरवलं. डोळा थांबला, खोलीही मुकी झाली. समोर यशोदा आपलं शिक्षण सांगत होती. इतक्या वर्षांनी लेकीचा आवाज परत मिळाला होता, आणि आज नुसते तिचे ओठ हलताना दिसत होते. सुलाबाईला रडू आलं.

यशोदा बोलता बोलता थांबली. उठून आईजवळ आली, सगळ्यांदेखत पेटी बाहेर काढली आणि बटण चालू केलं.

"आईच्या कानात मशीन हाय," ती नागोजींना म्हणाली. "मोठ्यानं बोललं की करंट डोळ्याकडं जातोय. तुमी हळू बोला, मामा."

भरमा भिंतीकडे बघत राहिला.

नागोजींनी पोह्यांची बशी खाली ठेवली. भरमाकडे वाकून ते काहीतरी बोलले, इतकं हळू की सुलाबाईचा डोळा हलला नाही. शब्दही तिच्यापर्यंत पोचला नाही. माणूस समजूतदार आहे, असं तिला वाटलं. मग पाहुणे उठले. नागोजींची बायको हळदीकुंकवालाही थांबली नाही.

"काय म्हणालं गं ते?" सुलाबाईने विचारलं.

यशोदा आईच्या डाव्या अंगाला येऊन बसली.

"काय न्हाय. पोहे लई चांगले झालते म्हणालं."

सुलाबाईला शब्द न् शब्द नीट ऐकू आला. तिने नागोजींची तशीच भरलेली बशी उचलली आणि लेकीच्या हातात दिली.