दाजींची पारख

ताईने भावाला कामाला लावलं ते चहाचा कप हातात देता देता. "रविवारी यांच्याबरोबर खडकावर जा. दिवसभर बघ आणि मला एकच सांग, यांना तिथे एकटं जाऊ द्यायचं की नाही. तू नाही म्हणालास की रॉड माळ्यावर. मग मी कुणाचं ऐकायची नाही."

या भावाला, म्हणजे दाजींच्या मेहुण्याला, मासेमारीत काडीचा रस नव्हता. पण तो औषधाचं दुकान चालवायचा, डॉक्टरांचं अक्षर त्याला लागायचं, आणि तेवढ्यावर घरात त्याच्या शब्दाला वजन होतं. शिवाय ताईला नाही म्हणायची छाती त्याला पन्नाशी उलटली तरी झाली नव्हती.

तीन महिन्यांपूर्वी दाजींच्या तळहातात मासे धरायचा गळ रुतला होता. हात रुमालात गुंडाळून ते तसेच बसने घरी आले, आणि दार उघडलं ते ताईनेच. त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दाजी शिंपी. अडतीस वर्षं कोट शिवले. आता दुकान पुतण्याकडे आणि दाजींचा रविवार समुद्राकडे. त्यांचे हात थरथरतात हे घरात सगळ्यांना दिसायचं, बोलायचं मात्र कुणी नाही. बशीत कप वाजायला लागला की ताई रेडिओ मोठा करायची. म्हणून मेहुण्याने हात यादीतून वगळले आणि तीनच गोष्टी तपासायच्या ठरवल्या: पाय, डोळे, डोकं.

पायांचा निकाल अर्ध्या तासात लागला. खडकाच्या उतारावर शेवाळ होतं. दाजी निमूट खाली बसले आणि बुडावर सरकत सरकत तळाला पोचले. "पँटला मागून दुहेरी कापड लावलंय," ते खालून म्हणाले. "लाज सोडली की माणूस पडत नाही." मेहुण्याने लाज धरली, ताठ चालत उतरला आणि दोन्ही कोपरं सोलून घेतली.

डोळ्यांचंही तेच. दाजींनी लांब बोट दाखवलं. तिथे पक्षी पाण्यावर झेपावत होते, म्हणजे खाली बारीक मासळी होती, म्हणजे तिच्या मागे मोठी असणार. मेहुण्याने चष्मा दोनदा पुसला तेव्हा कुठे त्याला पक्षी दिसले.

मग दाजींनी पेटीतून बोटभर लांबीचा लाकडी मासा काढला. पाठ निळी, पोट पांढरं, रंग त्यांनीच दिलेला. तो दोरीच्या टोकाच्या क्लिपमध्ये अडकवताना ते पाठ फिरवून उभे राहिले, आणि त्याला बराच वेळ लागला. मेहुणाही शहाणा, तो तोवर समुद्राकडे बघत राहिला. पण एकदा रॉड दोन्ही हातांनी धरल्यावर थरथर कुठल्या कुठे गेली. दाजींनी लाकडी मासा असा लांब फेकला की तो पडल्याचा आवाजही आला नाही. रीळ थोडं गुंडाळायचं, थांबायचं, पुन्हा गुंडाळायचं. दुखावलेला मासा असाच अडखळत पोहतो, आणि मोठ्याला तो आयता घास वाटतो.

तासाभरात रॉड वाकला. दाजींचे खांदे ताठ झाले, दोरी एकदा डावीकडे धावली आणि सैल पडली.

"सुटला," दाजी म्हणाले.

दुपारपर्यंत असे तीन सुटले. शेजारच्या खडकावर लाल टोपीतला एक जाडा गृहस्थ होता. त्याला मासे लागत होते, पण त्याचा गळ सारखा खडकात अडकायचा आणि दोरी तुटायची. तिसरा लाकडी मासा गमावल्यावर तो ओरडला, "काका, तुमचा कसा अडकत नाही हो?"

"सवय," दाजींनी उत्तर दिलं.

जेवणाच्या वेळी दाजी अंडी सोलत बसले. मेहुण्याने सहज तो लाकडी मासा हातात घेतला. पोटाखाली दोन बारीक कड्या होत्या आणि दोन्ही रिकाम्या. गळच नव्हता. त्याने पेटी उघडली. आत आणखी अकरा मासे होते, एकालाही गळ नाही.

माणूस दिवसभर पाण्यात नुसतं लाकूड फिरवतोय आणि त्याला पत्ता नाही. डोक्याचा निकाल लागला होता. त्याला फार वाईट वाटलं. त्याच्या लग्नातला कोट दाजींनी शिवला होता, आणि त्याचा एक खांदा उतरता आहे हे कुणाला कळू नये असा शिवला होता.

"ठेव खाली," दाजी म्हणाले. "तुझ्या बहिणीने काढलेत."

मेहुण्याने मासा पेटीत ठेवला.

"हाताला लागलं त्याच्या दुसऱ्या दुपारी. मी झोपलोय असं समजून पक्कड घेऊन बसली होती. एकेक गळ काढत होती आणि मला शिव्या घालत होती."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? भांडण काढलं असतं तर म्हणाली असती, आधी हात दाखवा." दाजींनी अंड्याला मीठ लावलं, निम्मं खडकावर सांडलं. "तसं बरं चाललंय. मासा येतो, ओढतो, लाकूड आहे म्हटल्यावर थुंकून जातो. तेवढा वेळ मजेत जातो माझा."

"नवे गळ आणायचे की मग."

"आणि मासा वर आला असता, तर त्याच्या तोंडातला गळ काढायचा कोणी? तू?"

मेहुण्याने पेटीचं झाकण लावलं.

"हे बघ, तू हेर म्हणून आलायस ते मला बसस्टॉपवरच कळलं. तू आणि रविवारी पहाटे उठणार? तिला काय सांगायचं ते सांग. फक्त गळांचं मला माहितेय, हे सांगू नकोस. तिला वाटतंय तिने मला वाचवलं. वाटू दे."

मेहुण्याने शब्द दिला. देताना तो अगदी मनापासून दिला.

घरी पोचल्यावर ताईने त्याला स्वयंपाकघरात ओढलं, दार लावलं आणि ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला. "बोल."

"पाय चांगले आहेत. डोळे माझ्यापेक्षा बरे."

"आणि डोकं?" मेहुण्याने नळाकडे बघितलं, तशी तीच बोलायला लागली. "गळ मी काढले रे. वाटलं होतं, बघितल्यावर घर डोक्यावर घेतील. मी भांडायला कंबर कसून बसले होते. आले, म्हणाले सुटला, आणि जेवले. दर रविवारी तेच. एक टाका वाकडा पडला तर ज्याला पलीकडच्या टेबलावरून दिसायचा, त्या माणसाला एवढं दिसू नये? हात गेले तर जाऊ देत. पण माणूसच चालला असेल तर मी काय करू?" तिने डोळे पुसले. "आजच टाकते रॉड माळ्यावर."

मेहुण्याला वाटलं, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याने शब्द मोडला.

"त्यांना सगळं माहितेय, ताई. तू काढत होतीस तेव्हा जागेच होते."

ताईने नळ बंद केला. मग स्टुलावर बसून ती तीन महिन्यांचं रडली, मोठ्याने, पदराने तोंडही न झाकता. रडून झाल्यावर तिने पिठाच्या डब्यामागून एक पत्र्याची डबी काढली आणि बाहेर गेली. मेहुणा नाइलाजाने मागोमाग गेला.

दाजी खुर्चीत बसून ओल्या फडक्याने रॉडवरचं मीठ पुसत होते. ताईने डबी त्यांच्यासमोर ठेवली. दाजींनी आधी मेहुण्याकडे बघितलं. "तुझ्या पोटात एक दिवस राहत नाही," ते म्हणाले आणि झाकण उघडलं. एक गळ उचलायला त्यांनी बोटं आत घातली. बोटं पत्र्यावर वाजत राहिली, गळ काही हाताला येईना. त्यांनी हात मागे घेतला नाही.

"हे असं आहे," ते ताईला म्हणाले.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

"दुखतं?"

"नाही. राग येतो."

ताई त्यांच्या हाताकडे बघत उभी राहिली. आजवर तिने तो असा समोरून बघितला नव्हता.

"रविवारी जा तुम्ही," ती म्हणाली. "एकटे जा. गळ लावायचे की नाही, ते तुमचं तुम्ही बघा."

दाजींनी डबीवर झाकण ठेवलं. ते पहिल्यांदा तिरकं बसलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा नीट बसलं. मग त्यांनी डबी तिच्याकडे सरकवली.

"तुझ्याकडेच राहू देत," ते म्हणाले.